बटाट्यातले रंगद्रव्य, वालाचे बिरडे आणि यकृताची भट्टी : डॉ. कमला सोहोनी

पावसाळ्यात तापाची साथ आली की विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यापासून पालघरच्या टोकापर्यंत दवाखान्यांत एक मागणी हमखास ऐकू येते. अंगात ताकद राहिलेली नाही, तेव्हा एक सलाईन लावा, असा आग्रह नातेवाईक धरतात. बाटली लटकते, थेंब पडू लागतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या बाटलीत असते काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते आणि उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण 85 उष्मांक. एका चपातीएवढेच. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल तेव्हा ही बाटली जीव वाचवते. जेवणाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

तोंडाने खाल्लेले अन्न आणि शिरेतून दिलेले पोषण यांत फरक काय, आणि त्या फरकाचा औषधांशी काय संबंध, हे समजून घ्यायचे तर एका मराठी शास्त्रज्ञ बाईंच्या आयुष्याचा मागोवा घेणे सोयीचे ठरते. डॉ. कमला सोहोनी यांनी शिरेतून पोषण देण्यावर काम केले नव्हते. पण अन्नातली प्रथिने, ती पचवणारी विकरे म्हणजे एन्झाइम आणि पेशीतली सायटोक्रोम नावाची द्रव्ये या तिन्ही गोष्टी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या रोजच्या होत्या. यकृत औषधांचे काय करते, हे कोडेही याच तीन धाग्यांनी विणलेले आहे.

कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूरला झाला. घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांपैकी. थोरली बहीण म्हणजे पुढे मराठी साहित्यात आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासात मोठे नाव झालेल्या दुर्गा भागवत. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन कमलाबाई पदवीधर झाल्या आणि वडील-काकांच्याच संस्थेत संशोधन करायचे म्हणून त्यांनी बंगळुरूला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलींना संशोधनासाठी घ्यायचे नाही, एवढेच कारण होते. गुणांची कमतरता नव्हती, जागेचीही नव्हती. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा उशिरापर्यंत काम करावे लागणार होते, आणि प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीसुद्धा एक अट होती. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. तरी त्या वेळी अटी मान्य करून त्या कामाला लागल्या.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे होते, पण शिकण्याची आच असलेल्या विद्यार्थ्याला भरभरून देणारे होते. त्यांच्याकडे कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. देशातल्या बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस-अंडी नसतात, त्यांचे पोषण डाळीवर चालते, तेव्हा त्या डाळीत नेमके काय आहे हे शोधणे त्यांना महत्त्वाचे वाटले. वर्ष संपताच त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. 1936 मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढचा टप्पा केंब्रिज. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल 1929 चे नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथे जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालवत होते. कमलाबाई तेथे आधी डॉ. डेरेक रिक्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करत. कमलाबाईंनी बटाटा हातात घेतला. त्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडले. प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी जी यंत्रणा वापरतात तिचाच एक भाग वनस्पतीच्या पेशीतही आहे, हे त्यातून दिसले. या कामावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या 40 पानांचा होता. 1939 मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद होते.

सायटोक्रोम म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घ्यायला हवे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे अणू बसलेले असतात. त्या लोहाभोवतीच्या रचनेला हीम म्हणतात. हिमोग्लोबिन या हीमच्या आधारे प्राणवायू वाहून नेते. सायटोक्रोममध्येही हीमच असते, पण तेथे लोहाचे काम वेगळे. तो एका हाताने इलेक्ट्रॉन घेतो आणि दुसऱ्या हाताने पुढे देतो. आग विझवायला माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसे. या हातोहात देण्यातून पेशीला ऊर्जा मिळते. डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये केंब्रिजमध्येच या द्रव्यांवर प्रकाश टाकला होता. कमलाबाई त्याच परंपरेत उभ्या होत्या.

या हीमवाल्या कुळातला एक भाऊबंद शास्त्रज्ञांना बराच उशिरा भेटला. 1958 च्या सुमारास यकृताच्या पेशींत एक रंगद्रव्य दिसले. कार्बन मोनॉक्साइड वायूशी जोडले गेले की ते 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेत असे. म्हणून त्याचे नाव पडले सायटोक्रोम पी-450. पुढे कळले की हे एक द्रव्य नसून अनेक विकरांचे मोठे कुटुंब आहे. कमलाबाईंना बटाट्यात सापडलेले सायटोक्रोम सी पेशीच्या ऊर्जेसाठी राबते, तर पी-450 कुटुंबाचे मुख्य काम आहे शरीरात आलेल्या परक्या रसायनांची विल्हेवाट लावणे. दोघांची कामे वेगळी, पण लोहाच्या त्याच अणूभोवती दोघांचा संसार.

आपण गोळी गिळतो. ती आतड्यात विरघळते, आतड्यातून निघणाऱ्या रक्ताबरोबर आधी यकृतात येते आणि मग सर्व शरीरात जाते. बहुतेक औषधे तेलात विरघळणारी असतात, त्यामुळे ती लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. पी-450 त्यांना प्राणवायूचा अणू जोडते, मग दुसरी विकरे त्यांना आणखी पाण्यात विरघळण्याजोगी बनवतात आणि शेवटी मूत्रपिंड किंवा पित्त त्यांना बाहेर काढते. ही भट्टी वेगाने चालली तर औषध लवकर संपते आणि गुण येत नाही. मंद चालली तर औषध साचते आणि विषासारखे वागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही भट्टी इतकी पेटवते की गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून क्षयाचे औषध घेणाऱ्या बाईने हे डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते.

पण भट्टी म्हणजे शेवटी प्रथिनांनीच बनलेली विकरे. ती बनवायला अमिनो आम्ले लागतात, लोह लागते, जीवनसत्त्वे लागतात. म्हणजे औषधाचे काय होणार हे काही अंशी ताटात काय आहे यावर ठरते.

केंब्रिजची पदवी हाती असताना परदेशात राहणे कमलाबाईंना अवघड नव्हते. पण गांधीजींच्या चळवळीचा प्रभाव असलेल्या कमलाबाई 1939 मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाल्या. तेथून त्या निलगिरीतल्या कुन्नूरला, पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केले. ही प्रयोगशाळा रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 मध्ये बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या छोट्या केंद्रातून वाढली होती.

त्या प्रयोगशाळेचे पुढे काय झाले, ते महत्त्वाचे आहे. 1958 मध्ये ती हैदराबादला हलली आणि 1969 मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. त्याच संस्थेत दुसऱ्या एका कमलाबाईंनी, डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी, कुपोषित माणसाच्या शरीरात औषधांचे काय होते याचा अभ्यास केला. सौम्य कुपोषणात यकृत औषधे जवळजवळ नेहमीसारखी, कधी थोडी जास्तच वेगाने हाताळते. पण कुपोषण तीव्र झाले, अंगावर सूज आली, की भट्टी मंदावते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिनही घटते. अनेक औषधे या अल्ब्युमिनला चिकटून फिरतात. ते कमी झाले की मोकळे औषध वाढते. फिटवरील फेनिटॉइनचे उदाहरण घ्या. रक्ततपासणीतला एकूण आकडा ठीक दिसतो, तरी रुग्णाला भोवळ येते, डोळे भिरभिरतात, तोल जातो. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या सुजलेल्या, कृश मुलाला औषध देताना नुसते वजन पाहून भागत नाही.

1947 मध्ये कमलाबाईंचा विवाह विमाशास्त्रातले तज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. विद्यार्थ्यांची मोठी फळी त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि विषय पुन्हा तोच होता, सामान्य माणसाचे अन्न. त्यातले एक काम वसई-विरारच्या स्वयंपाकघराला फार जवळचे आहे. वाल आणि डबल बीन यांत प्रथिने भरपूर असली तरी ती पचायला जड का जातात? त्यांच्या गटाने या बियांतून एक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले आणि 1955 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. हे द्रव्य आपल्या स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवते. ट्रिप्सिन अडले की प्रथिनांचे तुकडे होत नाहीत आणि अमिनो आम्ले रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवलेल्या बिरड्यात हा अडसर बराचसा नाहीसा होतो. आजीबाईंच्या रीतीमागचे रसायन प्रयोगशाळेत असे उलगडले.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. पचनाची एवढी कटकट असेल, तर अमिनो आम्ले तयार करून थेट शिरेतूनच का देऊ नयेत? आतडे मोठ्या प्रमाणात कापावे लागलेल्या किंवा आतडे पूर्ण बंद पडलेल्या रुग्णांसाठी नेमके हेच करतात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी शिरेतून देता येईल असे सुरक्षित स्निग्ध द्रावण बनवले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्टॅन्ली डुड्रिक यांनी कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतल्या पोषणावर वाढवून दाखवली. ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे हे सारे मोठ्या शिरेतून देण्याच्या या पद्धतीने अगणित जीव वाचवले. साध्या सलाईनशी तिची गल्लत करू नये.

पण यकृताला या वाटेने आलेले अन्न ओळखीचे नसते. तोंडाने खाल्लेले अन्न आतड्यातून थेट यकृताच्या दारात येते. वाटेत आतड्यातून संप्रेरके सुटतात, ती पित्ताला वाहते ठेवतात. शिरेतल्या पोषणात आतडे निजून राहते, संप्रेरकांचा इशारा येत नाही, पित्त साचू लागते. ग्लुकोज गरजेपेक्षा जास्त गेले तर यकृतात चरबी साठते. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की तेच पोषण तोंडाऐवजी शिरेतून दिले तर पी-450 विकरे घटतात आणि औषधे हाताळण्याची यकृताची क्षमता मंदावते. माणसांत चित्र पोषणात काय आहे त्यावर बदलते. केवळ ग्लुकोज चालू ठेवले तर काही औषधे शरीरातून हळू बाहेर पडतात. त्यात अमिनो आम्लांचा वाटा वाढवला की वेग वाढतो. तोंडाच्या आहारातही हेच दिसले होते. 1970 च्या दशकात अमेरिकेतील निरोगी माणसांना प्रथिने जास्त आणि पिष्ट कमी असा आहार दिला, तेव्हा दम्यावरील थिओफायलिन त्यांच्या शरीरातून अधिक वेगाने बाहेर गेले. बंगळुरूत डाळीतली प्रथिने मोजणाऱ्या कमलाबाईंचा विषय असा थेट औषधाच्या मात्रेपर्यंत येऊन पोहोचतो.

म्हणून अतिदक्षता विभागात शिरेतून पोषण सुरू असलेल्या रुग्णाच्या यकृताच्या चाचण्या ठरावीक दिवसांनी होतात, फेनिटॉइन किंवा थिओफायलिनसारख्या औषधांची रक्तातली पातळी पाहिली जाते, आणि आतडे थोडेसे जरी चालू लागले तरी नळीने किंवा तोंडाने चार चमचे पातळ अन्न सुरू करण्याची घाई केली जाते. नातेवाईकांना ती घाई कधी निर्दय वाटते. पण त्या चार चमच्यांनी आतडे जागे होते, आणि आतड्याबरोबर यकृतही.

कमलाबाईंचे सर्वाधिक गाजलेले काम म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडासारख्या झाडांतून पहाटे उतरवलेल्या या गोड रसात त्यांना अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. रस आटवून केलेल्या गुळातही पोषक घटक टिकतात, हेही त्यांच्या कामातून दिसले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पालघरच्या माणसाला नीरेची दुसरी बाजू सांगायला नको. ऊन चढले की तोच रस आंबतो आणि त्याची ताडी होते. ताडीतला मद्यार्क यकृतातल्या पी-450 कुटुंबातील एका सदस्याला फुगवतो. रोज पिणाऱ्याच्या यकृतात हा सदस्य जास्त असतो. तापावर घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळीतून तो एक विषारी घटक जास्त प्रमाणात तयार करतो. हा घटक निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य प्रथिनांतून बनते, आणि उपाशी माणसात त्याचाच साठा आटलेला असतो. निरोगी प्रौढाने पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या आत ठेवायचे असते. रोज पिणाऱ्याला, उपाशी असलेल्याला किंवा फार कृश माणसाला त्याहून बरेच कमी पुरते आणि ते किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. ताप, उपास आणि ताडी एकत्र आले की घरातली सर्वांत साधी गोळीही घातक ठरू शकते.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत कमलाबाई पोहोचल्या, पण ते पद त्यांच्या वाट्याला उशिरा आले. बाई असल्यामुळे दार उशिरा उघडण्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या सक्रिय होत्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या कीमत या नियतकालिकात भेसळ आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. प्रयोगशाळेतले ज्ञान घरातल्या बाईच्या पिशवीपर्यंत, तेल-डाळ-मसाल्यापर्यंत पोहोचले पाहिजे, हा ध्यास त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही.

1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. ज्या देशात कधी काळी प्रयोगशाळेच्या दारात त्यांना उभे ठेवले गेले होते, तेथे भरल्या सभागृहात त्यांचा गौरव होत होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामातून आजच्या रुग्णाने घ्यायचे ते एवढेच. तोंडाने खाता येत असेल तर खावे. मुगाच्या डाळीचे पाणी, मऊ भात, दूध, अंडे, नीट शिजवलेले बिरडे, जे झेपेल ते. पाणी कमी पडले असेल तर आधी मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. सलाईन लावायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावे, आग्रह धरू नये. नवे औषध सुरू होताना आधीची सर्व औषधे, काढे, दारूची सवय आणि गेल्या काही दिवसांत पोटात काय गेले आहे, हे न लपवता सांगावे. घरातले कोणी शिरेतल्या पोषणावर असेल तर यकृताच्या चाचण्या कधी झाल्या आणि तोंडाने काही सुरू करता येईल का, हे रोज विचारावे. मनवेलपाड्यातल्या घरात चुलीवर मऊ भात शिजत असेल, तर रुग्णाच्या यकृताची भट्टी पेटती ठेवण्याचे निम्मे काम तेथेच चालू झालेले असते.